एक घास पेशीचा

“ज्यांना घोकंपट्टी करायचीय त्यांनी आत्ताच शाखा बदलून घ्यावी,” असं म्हणतच जीवशास्त्राच्या मॅडम वर्गात शिरल्या, आणि मी पहिल्या बाकावरून इतक्या उत्साहाने मान हलवली की माझा चष्मा उडून बाकाखाली गेला. मागची मुलं हसली. ही मुलं म्हणजे माझे वर्गमित्र. मला ती पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाली, दुसऱ्या दिवशी ‘ताई’, आणि बाकाखाली वाकताना माझ्या पिशवीतून चष्म्याऐवजी बाळाचा खुळखुळा बाहेर आल्यानंतर नुसतं आदराने बघत राहिली.

मॅडमनी फळ्याकडे पाठ करून आपल्या अपेक्षा सांगितल्या. तासाला येण्याआधी धडा वाचून यायचा. आकृती काढायची ती पुस्तक मिटून. अभ्यास रोज थोडा, पण रोज. “परीक्षेत मी ‘म्हणजे काय’ विचारत नाही, ‘का’ विचारते,” त्या म्हणाल्या. “आणि सगळ्यात महत्त्वाचं. जे शिकाल ते घरी कुणाला तरी तोंडाने समजावून सांगा. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला. सांगताना जिथे अडखळाल, ते तुम्हाला आलेलं नाही असं समजा.”

मला तर उड्याच माराव्याशा वाटल्या. पुस्तक, शांतता, टेबल, सलग वेळ यांतलं माझ्याकडे काहीही नव्हतं. पण ओ की ठो न कळणारी माणसं? ती माझ्या घरी मुबलक होती.

“हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही,” मॅडम जाता जाता म्हणाल्या. ते मी फारसं मनावर घेतलं नाही. बबडी पोटात असताना हे वर्ष अर्धवट सुटलं होतं. या खेपेला ते पुरं करायचंच होतं. घरातल्या सगळ्यांना पुढच्या वर्षी पुन्हा इतकं पिळून काढायची माझी हिंमत नव्हती, आणि पिळून घ्यायची त्यांची असेल असंही वाटत नव्हतं.

पहिला प्रयोग नवऱ्यावर केला. तो कचेरीतून आला, बूट काढले, आणि मी त्याला सोफ्यावर बसवून पेशी समजावून सांगितली. तो अगदी मन लावून ‘हं, हं’ करत होता.

“आता तू सांग, काय कळलं,” मी म्हटलं.

“पेशीला भिंत असते.”

“वनस्पतींच्या! प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते!”

“अरेरे. मग छप्पर कशावर टेकतं?”

यावर दुसरी एखादी बाई रडली असती. मी मात्र बबडीला कडेवर घेऊन भरवायला बसले, आणि तिथेच माझं नशीब उघडलं. बबडीला भरवणं हे आमच्या घरातलं सर्वात अवघड काम. काऊ-चिऊ, गाडी, विमान, चंद्र, सगळं वापरून झालं होतं. चंद्रालाही ती आता फसत नसे. मी सहज म्हणून गेले, “हे बघ, पेशीच्या मधोमध असतं केंद्रक. केंद्रकात असतात गुणसूत्रं. आता ती सगळी मधोमध रांगेत उभी राहिली... आणि ओढलं! अर्धी इकडे, अर्धी तिकडे!” ‘ओढलं’ला माझा चमचा हवेत वळला आणि बबडीने एवढा मोठा आ केला. घास आत. पुढच्या वाक्याला दुसरा. पेशीची विभागणी पूर्ण झाली तेव्हा वाटी रिकामी होती.

त्या आठवड्यात मी इतका अभ्यास केला म्हणून सांगू! सकाळी पेशीविभाजनाची पूर्वावस्था, दुपारी मध्यावस्था आणि पश्चावस्था, संध्याकाळी अंत्यावस्था आणि वर एक केळं. जिथे मी अडखळायचे तिथे बबडी तोंड मिटायची. मॅडमची पद्धत इतकी काटेकोरपणे राबवणारी विद्यार्थिनी त्यांना दुसरी मिळाली नसेल.

अडचण एवढीच झाली की बबडी आता दुसऱ्या कशालाच तोंड उघडेना. मी कॉलेजात असताना तिला सासूबाई भरवायच्या. तिसऱ्या दिवशी त्या हातात भरलेली वाटी घेऊन दारातच उभ्या.

“अगं, ते तुझं काय ते मला शिकव आधी. पोर उपाशी आहे, आणि मी विमान होऊन होऊन थकले.”

मी त्यांना शिकवलं. पण सासूबाईंचा स्वभाव असा की कोरडी गोष्ट त्यांच्या गळी उतरत नाही आणि त्या ती दुसऱ्याच्या गळी उतरवतही नाहीत. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आतून आवाज येत होता, “...मग धाकट्या गुणसूत्राची बायको म्हणाली, मला नाही एकत्र राहायचं. आ कर. झालं! भांडण! अर्धे इकडे गेले, अर्धे तिकडे!”

“आई, भांडण नाही होत!”

“मग वेगळे कशाला निघतात?”

“वाढ व्हायची असते म्हणून. आणि वाटणी नाही होत हो, आधी प्रत्येकाची जोडप्रत तयार होते. दोन्ही घरांना सगळंच्या सगळं मिळतं.”

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या माहेरची एक वाटणी तीन पिढ्या चालली होती. “सगळ्यांना सगळं? कुणाची तक्रार नाही? आणि हे बघतं कोण? मोजून कोण देतं?”

आता हे मला माहीत नव्हतं. मी पुस्तक उघडलं. त्यात होतं, आणि मी ते वाचताना वगळलेलं होतं, कारण ते बारीक अक्षरात होतं! मी धावत स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. त्यावर त्यांनी आणखी एक ‘का’ काढला. मॅडम वर्गात विचारणार नाहीत असे ‘का’ सासूबाई कणीक मळता मळता विचारायला लागल्या. मला एवढी मजा येत होती की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून जायचं. त्या काळात आम्ही सगळ्यांनी जरा जास्तच मऊ भात खाल्ला.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरचे काका हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक गोष्ट रकान्यांत बसते अशी त्यांची श्रद्धा. ते एक वेळापत्रक आखून घेऊन आले. त्यात पहाटे चिंतन, मग मनन, मग लेखन, मग पुन्हा मनन.

“काका, यात बबडीचे कपडे कुठे धुवायचे?”

काकांनी वेळापत्रक नीट निरखलं. “मननाच्या वेळी,” ते म्हणाले.

शेजारच्या वहिनींचा विश्वास रंगीत पेनांवर. “हिरव्याने लिहिलेलं विसरत नाही माणूस,” त्या म्हणाल्या. वहिनी शाळेत तीनदा एकाच वर्गात होत्या, पण सल्ला त्यांनी इतक्या मायेने दिला की मी हिरव्याने लिहायला लागले. दोन दिवसांनी ते पेन बबडीने चोखलं, आणि ती दिवसभर वनस्पतीसारखी दिसत होती.

मग बबडीला ताप आला. तापात पोरीने मला सोडलं नाही आणि मी तिला. ती बरी होऊन मी कॉलेजात गेले तेव्हा सूचनाफलकावर कमी हजेरीवाल्यांत माझं नाव ठळक झळकत होतं. सगळ्यात वर. शाळेत असताना यादीत पहिलं यायची मला फार हौस होती, ती ही अशी फिटली.

कार्यालयातल्या कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला. “वैद्यकीय दाखला आणा.”

मी आणलाच होता. त्यांनी वाचला. “हा तर तुमच्या मुलीचा आहे.”

“आजारी तीच होती.”

“ती आपल्या कॉलेजात आहे?”

“अहो, ती सव्वा वर्षाची आहे.”

“मग तिच्या आजारपणाची नोंद आम्ही कुठे करणार? हमीपत्र भरा. खाली मॅडमची शिफारस, त्याखाली पालकांची सही. पालक समक्ष हवेत.”

“पण मी स्वतः पालक आहे!”

“कुणाच्या?”

“मुलीच्या.”

“तिच्या हमीपत्रावर करा मग सही,” ते शांतपणे म्हणाले आणि चष्मा खाली ओढला. एका मुलीची आई, एका घराची निम्मी मालकीण, मतदार, आणि मला आता कुणाचं तरी बोट धरून यायला सांगत होते. मी मान ताठ ठेवून बाहेर पडले. दाराबाहेर मात्र खांद्यावर बबडीने सकाळी केलेली पांढरी ओकारी दिसली, आणि ताठ मानेचा काही उपयोग झाला नसणार हे लक्षात आलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “शिफारस फुकट मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. कांद्याच्या मुळाची स्लाईड स्वतः करायची आणि विभाजन होत असलेली पेशी स्वतः शोधून बाहेरच्या परीक्षकांना दाखवायची. दाखवलीत तर शिफारस. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. मुळं घरून वाढवून आणा.”

पुढचं वर्ष! मी घरी येईपर्यंत निम्मा बाजार धुंडाळून कांदे आणले होते.

कृती अगदी सोपी. पेल्यात पाणी, पेल्याच्या तोंडावर काड्या टेकवून त्यांवर कांदा, आणि त्याचं बूड पाण्याला जेमतेम लागलेलं. मी पाच पेले खिडकीत मांडले. नवरा तहानलेला आला आणि उभ्या उभ्या एक पिऊन गेला. “पाण्याला कसली गं चव?” एवढंच म्हणाला. पण उरलेल्या चारांना मुळं फुटली! पांढरी, नाजूक, बबडीच्या पहिल्या दातांसारखी. मी घरातल्या प्रत्येकाला हात धरून दाखवायला नेलं. सासूबाई तर विरघळल्याच. “गारठ्यात उघडी ठेवलीस गं त्यांना,” असंही म्हणाल्या. मी हसले. तिथे मी हसायला नको होतं.

शुक्रवारी मी कॉलेजातून आले तर सासूबाई खिडकीशी खिन्न उभ्या. चारी पेल्यांत मुळं लिबलिबीत होऊन लोंबत होती.

“आई, काय झालं?”

“पाणी बदललं मी. बदलायला हवं ना?”

“हवं की. मग?”

“कोमट घातलं.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला. “बबडीच्या आंघोळीचं होतं ना, त्यातलंच. तिला सोसतं म्हणून मला वाटलं...”

तिला सोसतं, कारण त्या कढत पाण्यात थंड पाणी मिसळेपर्यंत आम्ही कुणी तिला हात लावू देत नाही. कांद्यांना ती सोय नव्हती. मला रडू येत होतं, पण सासूबाईंचा चेहरा बघून मीच म्हटलं, “अहो, अजून दोन दिवस आहेत. आणखी लावू.”

“आणखी किती?”

“जेवढे मिळतील तेवढे!”

आणि मग सगळी इमारत उठली. वरचे काका स्वतःचा कांदा स्वतः निवडून आणायला गेले. वहिनींनी लावला. तळमजल्यावरच्या शिंप्याने मशीनशेजारी लावला. रविवार सकाळपर्यंत प्रत्येक खिडकीत एक कांदा पेल्यावर बसून बाहेर बघत होता. रस्त्यावरून जाणारे वर बघायचे आणि पावलं झपाझप उचलायचे. गंमत म्हणजे जिन्यात कुणी कुणाला ‘काय, कसं काय’ विचारेना, ‘फुटली का?’ विचारायचे.

कांदे बघता बघता घराघरांतली पोरंच झाली. काका आपला कांदा उन्हाप्रमाणे या खिडकीतून त्या खिडकीत नेत आणि दर फेरीला पट्टी लावत. “आमच्या कांद्याची वाढ बघून घ्या, सूनबाई. शिस्त आहे शिस्त.” त्याला खरोखर दाढीएवढी मुळं आली होती. वहिनी मात्र पेला पदराआड धरून आल्या. “आमचा जरा मागेच आहे गं,” त्या हळूच म्हणाल्या. “बसतो चांगला, पाणी पितो चांगला, पण अंगाला लागत नाही.”

“होईल हो, प्रत्येकाची वेळ असते,” सासूबाईंनी त्यांची समजूत घातली.

सोमवारी मी पेले घेऊन बसमध्ये बसले. एक मांडीवर, दोन टोपलीत, काकांचा हातात, कारण काकांनी तसं बजावलं होतं. वाहक तिकीट द्यायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“बाई, पोहायला शिकवताय का त्यांना?”

“परीक्षा आहे.”

“त्यांची?”

उत्तर द्यायच्या आत बस वळली आणि निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं. प्रयोगशाळेत मी पोहोचले तेव्हा मला वर्गमित्रांनी वाट करून दिली, वासामुळे असेल. मॅडमनी पेल्यांवरून नजर फिरवली. काकांच्या कांद्याच्या दाढीवर ती थांबलीसुद्धा नाही. “एवढ्या लांब मुळांत काय मिळणार? विभाजन कोवळ्या टोकाशी चालतं. हे बरंय. हे कुणाचं?”

ते वहिनींचं होतं. मागे पडलेलं. मी मनातल्या मनात वहिनींना कडकडून मिठी मारली आणि काकांना हे कधीही सांगायचं नाही असं ठरवलं.

टोक कापलं, आम्लात गरम केलं, लाल रंगात ठेवलं, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबलं. कणीक मळणाऱ्या अंगठ्याने. काच कडकन फुटली. परीक्षक उंच, गंभीर, आयुष्यात कधी हसल्याची खूण नसलेले. त्यांनी तिकडून पाहिलं आणि काहीतरी टिपलं. दुसरं टोक मी फुलासारखं दाबलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि समोर काय! गोल, ठसठशीत, काळीभोर किनार!

“मिळाली!” मी ओरडले.

शेजारच्या मुलाने वाकून बघितलं. “ताई,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “तो हवेचा बुडबुडा आहे.”

परीक्षकांनी पुन्हा टिपलं.

शेवटचं टोक उरलं होतं. काच ठेवली, दाबली, डोळा लावला. पेशीच पेशी, विटांसारख्या रचलेल्या, सगळ्या गप्प, सगळ्या झोपलेल्या. मी स्लाईड केसभर सरकवली. झोपलेल्या. आणखी केसभर. आणि एकदम, झोपलेल्यांच्या गर्दीत, एक पेशी जागी! मधोमध मोकळी जागा, आणि दोन्हीकडे लाल दोऱ्यांचे पुंजके, ओढले जाताना जसेच्या तसे थांबलेले. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. इतके दिवस मी चमच्याने हवेत जे काढत होते ते खरंच असतं! खरंच तसं असतं!

“अहो, या ना लवकर! बघा तरी! या!” मी हाक मारली. आपण हे कुणाला म्हणतोय ते मला तेव्हा कळलं जेव्हा परीक्षक खरंच लगबगीने आले.

ते बराच वेळ डोळा लावून बसले. मग सरळ झाले. “कुठली अवस्था?”

“पश्चावस्था.”

“समजावून सांगा.”

मी सुरुवात केली. पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. पण तोंड आपोआप सुरू झालं. “आधी सगळी मधोमध रांगेत उभी राहिली. प्रत्येकाची जोडप्रत आधीच तयार. मग दोन्हीकडून दोरे आले... आणि ओढलं!” माझा उजवा हात तीन बोटं जुळवून वर गेला, हवेतून वळला आणि परीक्षकांच्या चेहऱ्यासमोर थांबला.

परीक्षकांनी आ केला.

अगदी थोडाच, पण केला. मी पाहिला, मॅडमनी पाहिला, शेजारच्या मुलाने पाहिला. परीक्षकांनी तोंड मिटलं, घसा खाकरला, आणि विचारलं, “दोन्हीकडे समानच जातं कशावरून? तपासतं कोण?”

“हा तर माझ्या सासूबाईंचा प्रश्न!” माझ्या तोंडून निघून गेलं. माझं उत्तर इतकं लांबलं की त्यांनीच शेवटी हात वर केला. “पुरे. बाई, पुरे. पोट भरलं.”

मॅडमनी शिफारस लिहिली. दुसऱ्या दिवशी बबडीला वहिनींकडे ठेवून मी सासूबाईंना घेऊन कार्यालयात गेले. त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या.

“विद्यार्थिनी तुमची कोण?” कारकुनांनी विचारलं.

“सून आहे, पण अभ्यासाला चांगली आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि ऐटीत सही केली. “यापुढे खाडा करणार नाही ती. केला तर मला कळवा.”

हमीपत्रावर शिक्का बसला. माझं वर्ष वाचलं! मी जिन्यात आईंना धरून गोल फिरवलं असतं, पण मॅडम समोरून आल्या. “तो प्रश्न याच आजींचा का?” त्यांनी विचारलं, आणि आम्हाला प्रयोगशाळेतच घेऊन गेल्या. माझी स्लाईड अजून ठेवलेली होती.

सासूबाईंनी आधी चुकीचा डोळा मिटला. मग म्हणाल्या, “मला नुसत्या माझ्या पापण्या दिसतायत.” मग मॅडमनी त्यांचं डोकं हलकेच सरळ केलं, आणि सासूबाई बोलायच्या थांबल्या. आमच्या घरात हे सहसा होत नाही.

“भांडत नाहीयेत गं,” बऱ्याच वेळाने त्या पुटपुटल्या. “किती शहाण्यासारखी चाललीयत.” मग मान वर केली. “हे असंच बबडीच्या अंगात चालतं?”

“असंच.”

“आत्ता?”

“आत्ता, या क्षणाला. सगळ्या अंगभर.”

“आजी, आणखी काही शंका?” मॅडमनी विचारलं.

पण सासूबाईंनी केव्हाच पिशवी उचलली होती. “शंका नंतर,” त्या माझं मनगट धरून दाराकडे ओढत म्हणाल्या. “घरी चल आधी. एवढं काम चाललंय पोरीचं, आणि त्या वहिनींना मध्यावस्थेच्या पुढचं काही येत नाही. अर्ध्यावर जेवण थांबलं असेल तिचं!”